अठरा फुटांची भिंत

धर्माजी मेहेरांच्या नव्या घरातली मधली भिंत अठरा फूट उंच होती आणि ती चुकीची होती, हे विजयाला मे महिन्यातल्या एका सकाळी, सातपाटीला, त्या भिंतीसमोर उभ्या उभ्या कळलं. भिंतीला तडा गेला नव्हता. ती कललीही नव्हती. गिलावा गुळगुळीत झालेला, वर चुन्याचा पहिला हात बसलेला, आणि घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण मान मागे टाकून वर बघत होता. चूक दाखवली ती शिडीवर चढलेल्या धर्माजीने, आणि तीही नकळत. सोळा फुटांवर तो कोळशाने दोन गोल काढत होता.

विजया बोईसरच्या राऊतसाहेबांच्या कचेरीत घरांचे नकाशे काढायची. त्या दिवशी ती आली होती फक्त खिडक्यांची मापं घ्यायला.

"मामा, ते गोल कसले?" तिने खालून विचारलं.

"वाशांचे. इथनं दोन वासे समोरच्या भिंतीत जातील. जाळी टांगाया."

"जाळी? घरात?"

धर्माजी शिडीवरच हसला. "मंग काय तुज्या बापाच्या पानवेलींवर टांगू?"

विजया हसली नाही. तिने विचारलं तसं धर्माजीने खाली उतरून सगळं सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं, कारण एवढी मोठी बाई हे विचारते म्हणजे हिला काहीच ठाऊक नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. महिनाअखेरीला होड्या वर ओढायच्या. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तेवढ्या काळात जाळी घरात येतात. उंच टांगली की त्यांना वारा लागतो, उंदीर पोचत नाहीत, आणि खाली बसून घरच्या बायका एकेक पट्टा खाली ओढून फाटलेलं सांधत जातात. जुन्या घरात मध्ये सागाचे चार खांब होते. आज्याच्या हातचे. सगळा भार त्या खांबांवर असायचा. नवं घर पक्कं, त्यात खांब नकोत असं राऊतसाहेब म्हणाले होते. खांबांनी दिवाणखान्याची शोभा जाते.

"मंग मी म्हनलो, खांब नको तर नको, भिंत तरी उंच द्या. आता एवडी भिंत हाय, तिच्यावर टेकवू."

"किती जाळी असतात, मामा?"

"सात-आठ. दोर, शिशाची वजनं, तरंगाया लावलेले बोये सगळं धरून. एक जाळं उचलाया चार माणसं लागतात."

विजयाने हातातल्या वहीत यातलं काहीच लिहिलं नाही. सोळा फुटांवर, त्या दोन काळ्या गोलांच्या मागे, भिंत किती जाड आहे हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

हे नीट कळायला तीन-चार महिने मागे जायला हवं. अठ्ठ्याण्णव साल सुरू झालं तेव्हा नरहरी राऊतांनी कचेरीत कंप्यूटर आणला होता. त्यासोबत मुंबईहून कुणाकडून तरी उतरवून घेतलेली एक सीडी आली. तिच्यात घराचं चित्र काढायचा प्रोग्राम होता. विजयाने पालघरला नकाशे काढण्याचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनाने तिचा हात बसलेला. कंप्यूटर ती आपल्या आपण शिकली, चुकत-माकत, कुणी नसताना. त्याची रीत अशी होती की पडद्यावर जमिनीवरची एक रेघ ओढायची, आणि प्रोग्राम त्या रेघेवर आपोआप भिंत उभी करायचा. किती उंच, किती जाड, हे त्याचं आधीच ठरलेलं असायचं. तो प्रोग्राम केला होता दुसऱ्याच देशातल्या लोकांनी. तिकडे आतल्या भिंती लाकडाच्या चौकटीला पत्रे-फळ्या ठोकून करतात म्हणे. त्यामुळे आतली भिंत म्हटली की तो साडेचार इंच जाडीची भिंत उभी करी. आपल्याकडे साडेचार इंच म्हणजे एकेरी वीट. विजया एकेक भिंत निवडून तिची जाडी नऊ इंच करून घ्यायची.

अडलं ते उंचीवर. धर्माजीला दिवाणखाना कौलांपर्यंत मोकळा हवा होता. भिंतीच्या पलीकडे मात्र खाली स्वयंपाकघर, वर माडीची खोली. एका बाजूला एक मजला, दुसऱ्या बाजूला दोन. प्रोग्रामला हे कळेना. एकच भिंत अठरा फूट केली की माडीची जमीन तिच्यातून सुरी घातल्यासारखी आरपार बाहेर यायची आणि दिवाणखान्याच्या चित्रात हवेत लोंबत राहायची. विजयाने चार दिवस डोकं फोडलं. शेवटी तिने युक्ती केली. खाली दहा फुटांची भिंत काढली, वरच्या मजल्यावर दिवाणखान्याच्या जागी भोक ठेवलं, आणि खालच्या भिंतीवर आठ फुटांचा दुसरा तुकडा उभा केला. दिवाणखान्याकडची बाजू दोन्ही तुकड्यांची एका रेषेत आली. चित्रात सांधा दिसेना. अखंड, सरळ, अठरा फूट. तिला इतका आनंद झाला की तिने कचेरीत सगळ्यांना चहा पाजला.

वरचा तुकडा मात्र प्रोग्रामने आपल्या मनाने साडेचार इंचांचा केला होता आणि आनंदाच्या भरात ती जाडी बदलायची राहून गेली होती. खालून बघणाऱ्याला ते कळणारं नव्हतं, कारण कमी झालेली जाडी मागच्या बाजूला, माडीच्या खोलीत गेली होती.

फेब्रुवारीत, छापलेले कागद साइटवर गेल्यानंतर आठवड्याने, ते विजयाच्या नजरेला आलं. ती तशीच साहेबांच्या टेबलाशी गेली. राऊतांनी कागद बघितला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे. बरंच झालं. छपराचा भार बाहेरच्या भिंतींवर आहे. ही आतली भिंत, हिच्यावर काय बसणार आहे? चिमणी?"

विजयाने ते मानलं. का मानलं, याचाच तिला आता सगळ्यात जास्त राग येत होता. कारण तिनेही मनाशी ठरवूनच टाकलं होतं की एवढी उंच भिंत म्हणजे निव्वळ मिजास. होडीला इंजिन आलं, हातात पैसा खेळू लागला, आता सिनेमातल्यासारखा दिवाणखाना हवा. तिने तर चित्रात प्रोग्रामच्या भांडारातला सोफा मांडला होता आणि वरून काचेचं झुंबर सोडलं होतं. धर्माजीने ते रंगीत चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मच्छीमारांच्या सोसायटीत सगळ्यांना दाखवलं होतं. 'उंची कशाला हवी' असं तिने त्याला एकदा विचारलं होतं, हे खरं. तो म्हणाला होता, "लागते आमाला." तिने पुढे विचारलं नाही.

ती दुपारच्या एसटीने बोईसरला परतली. कचेरीत राऊत चहात खारी बुडवत होते.

"साहेब, मेहेरांची मधली भिंत उतरवायला लागेल. वरचे आठ फूट."

"काय झालं?"

तिने सांगितलं. वासे, जाळी, वजनं, चार माणसं. राऊतांनी ऐकताना खारी कपात सोडून दिली आणि ती विरघळली.

"जाळी टांगणार असं आपल्याला कुणी सांगितलंय? कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग?"

"मग काय, साहेब? एकेरी विटेला सोळा फुटांवर भोकं पाडून वासे बसवतील. कप्पीने जाळी वर ओढतील. ओढताना भिंतीला हिसका बसणार. खाली बायका बसलेल्या असतात."

"सांगू त्यांना, की बाबांनो, जाळी दुसरीकडे टांगा."

"आज सांगा."

"सांगेन ना. ताबा दिल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर म्हणतील भिंत पाडा. पंधरा दिवसांवर पाऊस आहे, माझी माणसं तारापूरच्या कामाला लावायची आहेत." राऊतांनी कप बाजूला सारला. "आणि मला एक सांग. रेघ कुणी ओढली? मी?"

"मीच ओढली. पण फेब्रुवारीत तुम्हाला सांगितलं होतं."

"ऐकलं कुणी?"

कचेरीत त्या दिवशी दोघांशिवाय कोणी नव्हतं, हे दोघांनाही आठवत होतं.

"तू घरची म्हणून समजावून सांगतो," राऊतांचा आवाज गोड झाला. ते तिच्या वडिलांचे जुने स्नेही, तिच्याच समाजातले. घरी ती त्यांना नरहरीकाका म्हणायची. "आपल्याकडे कंप्यूटरवर घर दाखवणारा मी पहिला. लोक त्यावर विश्वास ठेवून येतात. कंप्यूटरच चुकला म्हटल्यावर उद्या कोण येईल? तुझा पगार कुठून येईल? खिडक्यांची मापं ठेव आणि जा घरी. डोकं शांत कर."

"कंप्यूटर नाही चुकला," विजया म्हणाली. "आपण चुकलो." तिने वहीतलं खिडक्यांच्या मापांचं पान फाडून टेबलावर ठेवलं आणि ती निघाली. पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण दात इतके घट्ट दाबलेत की कानशिलं दुखताहेत.

राऊत तिच्या आधी तिच्या गावी, माकुणसारला पोचले होते. स्कूटरवरून. ती घरी आली तेव्हा ओटीवर त्यांच्या चहाचा कप तसाच होता आणि आत्माराम, तिचे वडील, मांडी घालून विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नरहरी येऊन गेला."

"कळलं."

"म्हणाला, पोरगी घाबरलीय, बाहेर काही बोलू नको म्हणावं. त्याने तुला कामाला लावलं, विजया. आपल्यात एवढ्या मुली शिकल्या, कुणाला खुर्ची मिळाली?"

"बाबा, ती भिंत पडेल."

"नक्की?"

"नक्की कोण सांगणार? यंदा पडेल, पुढच्या वर्षी पडेल. त्या बायका तिच्याखाली तीन महिने बसणार आहेत."

आत्मारामांनी एक जुडी सोडून पुन्हा बांधली. त्यांचाही चेहरा लाल झाला होता, पण राग कुणावर आहे हे कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "उद्या कुठे जाणार असशील तर मला विचारून जाऊ नकोस. विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजया पालघरच्या मासळी बाजारात गेली. धर्माजीकडे सरळ जायला ती कचरत होती. तो साहेबांना मानायचा आणि त्या रंगीत चित्राला त्याहून जास्त. त्याची बायको हिरा बाजारात बसायची. पुढ्यात पापलेटं मांडलेली, बाजूला मांदेलीचा ढीग, हातात कोयता.

"ये गो बाय," हिरा म्हणाली. "माकुनसारवाल्यांना आज मासळीचा वार हाय वाटतं. कापून देऊ का डोळे झाकून नेशील?"

"मावशी, मासे नकोत. घराचं बोलायचंय."

"बोल की. हात चालू हाय, कान मोकळे हायत."

विजयाने सांगितलं. आधी भिंतीची जाडी, मग वाशांचं. मग सांगितलं की रेघ तिची होती, आणि साहेबांना फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. हिरा एका गिऱ्हाइकाची सुरमई कापत होती. तिचा हात थांबला नाही, पण तुकडे जाड पडायला लागले.

"उंच कशाला, ते तू इचारलंस?"

"मामांना विचारलं होतं. लागते म्हणाले."

"मंग लागते म्हंजे लागते. तुज्या आईला कुनी इचारतं का, चूल कशाला लागते?" हिराने तुकडे पिशवीत टाकले, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, आणि पहिल्यांदाच मान वर करून विजयाकडे नीट बघितलं. "तुला काय वाटलं, उंच कशाला?"

विजयाला खोटं बोलता आलं असतं. "मिजास वाटली, मावशी."

हिराने कोयता लाकडावर असा मारला की शेजारची बाई दचकून बघू लागली.

"मिजास," ती म्हणाली. "चाळीस वरसं मी त्या जाळ्यांच्या खाली बसून पाठ वाकडी केली. सासूने केली, तिच्या सासूने केली. पावसाळाभर बोटांना भोकं पडतात. आनि तू तिथं झुंबर टांगलंस. मी तुज्या साहेबाला म्हनाले होते, यात जाळं कुठं हाय? तर म्हनतो, कंप्यूटरमंदी जाळं नसतं."

"त्यांनी मला नाही सांगितलं."

"तू येऊन इचारलंस? चार येळा आलीस घरी. टेप लावलीस, चहा प्यालीस, गेलीस."

लोक वळून बघत होते, तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याची चीड येत होती. ती तिथून हलली नाही.

हिराने पाण्याचा तांब्या हातांवर ओतला, टोपल्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि लुगड्याचा ओचा घट्ट केला. "चल. आज नवरा मिस्त्रीला घेऊन भोकं पाडनार हाय. त्याला सांग हे. माज्या तोंडाने नाय, तुज्या तोंडाने."

त्या दोघी सातपाटीला पोचल्या तेव्हा रामअवध मिस्त्री पहिलं भोक पाडून खाली उतरत होता. आणि दाराशी राऊतांची स्कूटर उभी होती. विजया कुठे जाणार, हे त्यांनी ओळखलं असावं. ते धर्माजीच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगत होते.

"मामा," विजया म्हणाली, "वासे बसवू नका. वरची भिंत एकेरी विटेची आहे."

"हेच मी सांगत होतो," राऊत शांतपणे म्हणाले. "मुलगी लहान आहे, घाबरली. काल साइटवर काही ऐकलं आणि रात्रभर विचार करत बसली. भिंत बघा तुम्ही. कुठे केसाएवढी चीर आहे का?"

धर्माजीचा राग आधी विजयावरच निघाला. "माज्या घरात उभी राहून माजी भिंत पडेल म्हनतेस? सगल्या गावाने बघितली ही भिंत. नीट बांधली हाय. तुज्या कंप्यूटरनेच दावली ना?"

"दाखवली ती मीच. दिसते तशी नाही ती. खाली नऊ इंच आहे, वर साडेचार."

"मिस्त्री," धर्माजीने विचारलं, "खरं हाय?"

रामअवधने राऊतांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "हमने तो पूछा था साहब से, ऊपर पतला क्यों है। साहब बोले, कंप्यूटर में जो है वही बनाओ।"

"मिस्त्रीला नकाशा वाचता येत नाही," राऊत म्हणाले. त्यांचा आवाज अजून शांत होता, पण भराभर येत होता. "आतल्या भिंतीला एवढी जाडी पुष्कळ होते. जगभर बांधतात."

"जगभर जाळी टांगतात?" हिरा म्हणाली.

हिरा त्यावर थांबली नाही. ती जिन्याने वर माडीच्या खोलीत गेली. तिच्या पावलांचा आवाज डोक्यावर वाजला आणि भिंतीपाशी थांबला.

"अहो," तिथून तिचा आवाज आला, भोकातून, अगदी जवळून बोलल्यासारखा. "शिडीवर चढा. हात घाला आत."

धर्माजी चढला. मिस्त्रीने वाशासाठी पाडलेल्या भोकात त्याने हात घातला. मनगट गेलं. त्याला वाटलं होतं बोटांना वीट लागेल. वीट नव्हती. कोपरापर्यंत हात सरळ आत गेला, आणि पलीकडून हिराने त्याची बोटं धरली.

"कुनाचा हात हाय यो?" ती पलीकडून म्हणाली. "माज्या घरात चोर शिरला वाटतं."

धर्माजीने हात काढून घेतला नाही. शिडीवर तो तसाच उभा राहिला, गाल नव्या चुन्याला टेकवून, आणि खालून विजयाला त्याच्या मानेची शीर उडताना दिसली. अठरा फुटांची ती भिंत त्याने सोसायटीत, देवळात, लिलावाच्या ओट्यावर सांगितली होती. आता तो एका हाताने तिला मिठी मारल्यासारखा लोंबकळत होता आणि त्याचा पंजा पलीकडच्या खोलीत होता.

तो उतरला तेव्हा त्याच्या गालाला चुना लागला होता. त्याने तो पुसला नाही.

"कधीपासून ठाव हाय तुमाला?" त्याने राऊतांना विचारलं.

"हे बघा धर्माजी, मुद्दा असा आहे की वापर कसा करणार हे तुम्ही आधी—"

"कधीपासून?"

राऊत विजयाकडे बघून म्हणाले, "हिला विचारा. काढलंय हिने."

"फेब्रुवारीपासून," विजया म्हणाली. "मला आणि साहेबांना, दोघांना. मी गप्प बसले."

"मंग तू बी त्यातलीच," धर्माजी म्हणाला.

"हो."

राऊतांनी स्कूटरची किल्ली खिशातून काढली. "ठीक आहे. पाडायची तर पाडा. पण मी पाडणार नाही. काम नकाशाप्रमाणे झालंय. जे वाढीव करायचं ते तुमचं तुम्ही." आणि विजयाला, अगदी हलक्या आवाजात, "सोमवारपासून येऊ नकोस. आत्मारामला मी सांगेन काय सांगायचं ते."

"बाबांना मी सांगेन," विजया म्हणाली. "तुम्ही कशाला पुन्हा तसदी घेता, काका."

काका हा शब्द तिने असा उच्चारला की राऊतांचा पाय उंबरठ्यावर क्षणभर अडला. मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

धर्माजी खाली बसला. "मिस्त्री, उतरव वरचं."

"उतारेंगे. पर फिर बनाना कैसे है? नक्शा किधर है?"

सगळ्यांनी विजयाकडे बघितलं. नकाशा कचेरीत होता, कंप्यूटरच्या पोटात, आणि तिथे तिला आता पाऊल ठेवायला मिळणार नव्हतं. तिच्याजवळ टेप होती, पेन्सिल होती. मिस्त्रीच्या पिशवीतून तिने गेरूचा खडा घेतला.

"जमीन झाडा," ती म्हणाली.

दिवाणखान्याची फरशी अजून बसायची होती, नुसता सिमेंटचा कोबा होता. झाडून झाल्यावर विजया गुडघ्यांवर बसली आणि तिने भिंत जमिनीवर आडवी काढायला सुरुवात केली. छोटी नाही. जेवढ्यास तेवढी. दाराशी पाया, समोरच्या भिंतीशी कौलं, मध्ये अठरा फूट. टेप धरायला रामअवध बसला. खालची नऊ इंच जाडी काढून ती दहा फुटांवर आली, तिथे माडीची जमीन आडवी दाखवली, आणि तिथून पुढे हात न उचलता नऊ इंचच पुढे नेली. जिथे वासे टेकणार तिथे भिंतीला लागून खालपासून वरपर्यंत चौदा इंचांचा विटेचा खांब. दोन वासे, दोन खांब. रामअवध शेजारी उकिडवा बसून मान हलवत होता. "हाँ, ऐसा चाहिए था। ऐसा हम भी बोलते।"

"तर बोलला का नाहीस?" हिरा जिन्यावरून म्हणाली.

"हमको कौन सुनता है, बाई?"

गेरूची रेघ दोनदा वाकडी गेली. विजयाने ती ओल्या फडक्याने पुसली आणि पुन्हा काढली. तिला अजूनही कुणाला तरी फाडून खावंसं वाटत होतं. राऊतांना, पडद्यावर आपोआप उभ्या राहणाऱ्या त्या भिंतींना, आणि कचेरीतल्या सगळ्यांना चहा पाजणाऱ्या त्या मुलीला. धर्माजी भिंतीला पाठ टेकून बसला होता. तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. तिला त्याने जा म्हटलं नाही, एवढंच.

सोळा फुटांवर येऊन तिने वाशाचा गोल काढला. जिथे धर्माजीने काढला होता तिथेच.

हिरा खाली आली होती. चपला तिने दारात काढल्या आणि अनवाणी त्या आडव्या भिंतीवरून चालत विजयापर्यंत आली. पायाच्या अंगठ्याने तिने गोलाच्या वर, वीतभर अंतरावर, जागा दाखवली.

"इथं नाय. इथं. वासा खाली असला तर दोर गाठीत अडकतो. जरा वर लागतो. कप्पी इकडनं खेचते." तिने पायानेच एक तिरकी रेघ ओढली, भिंतीपासून बाहेर, दाराच्या दिशेने. "एवडा हिसका बसतो. सगल्या बायका मिळून खेचतो तवा."

विजयाने टेप लावली. "सोळा फूट नऊ."

"मला फूट नको सांगू. बरोबर हाय का ते सांग."

"खांब अजून रुंद करावा लागेल मग. कप्पीच्या बाजूला."

"कर. आनि तिथं काय लिवनार?"

विजयाने गेरूने, ठळक अक्षरात, गोलाच्या बाजूला लिहिलं: जाळी. मग खाली वजन लिहायला तिने हात टेकवला आणि हिराकडे बघितलं.

"एक जाळं किती भरतं, मावशी? ओलं असताना. खरं सांगा, कमी नको."

हिरा तिच्याशेजारी खाली बसली आणि बोटांवर मोजायला लागली.